तमाशगीर आणि तमाशबीन

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोडे या खाडीच्या बंदरात उतरत. आता घोडे नाहीत. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या आसपासच्या नृत्यवर्गांच्या पाट्यांवर झुंब्याच्या जोडीला 'बेली डान्स' असेही वाचायला मिळते. सुशिक्षित घरांतील मुली-सुना संध्याकाळी तेथे जातात. त्याला व्यायाम म्हणतात, छंद म्हणतात. कुणी नाक मुरडत नाही.

आमच्या समाजात मात्र हे नाव निघाले की दोन उद्गार ऐकू येतात. एक, 'तौबा तौबा!' आणि दुसरा, 'हा तर अरबांचाच नाच!' पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात ओशाळलेपण. आम्हाला प्रश्न पडतो तो असा : ही लाज नेमकी कुणाची? नाचणारीची, की पाहणाऱ्याची?

आधी नावाचेच पाहू. अरबीत या नाचाला 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचा नाच, असे म्हणतात. गावाकडच्या साध्या रूपाला 'बलदी' म्हणतात. पोटाचा उल्लेख या दोन्ही नावांत नाही. 'पोटाचा नाच' हे नाव फ्रेंचांनी दिले आणि १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत रूढ झाले. नाचणारीने आपल्या नाचाला काय म्हणावे, हे पाहणाऱ्याने ठरवले.

त्याहून बोलका इतिहास दुसऱ्या एका शब्दाचा आहे. आमच्या शाळेत 'इल्म' या शब्दाचे कुटुंब फळ्यावर लिहून दाखवावे लागते : आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम. याच कुटुंबातली एक लेक इजिप्तमध्ये होती, 'आलिमा'. अनेकवचन 'अवालिम'. या गाणाऱ्या, काव्य जाणणाऱ्या स्त्रिया. मोठ्या घरांच्या जनानखान्यात त्या बायकांसमोर आपली कला सादर करीत. पुरुषांनी ऐकायचे ते आडून. रस्त्यावर, अंगणात नाचणाऱ्या 'गवाजी' वेगळ्या. १८३४ मध्ये महंमद अलीच्या राजवटीने सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार केले. त्या दक्षिणेला एस्ना, केना, अस्वान येथे गेल्या. आपल्यावरचा डाग लपवण्यासाठी अनेकींनी 'आलिमा' हेच नाव लावले. युरोपीय प्रवाशांनी ते उचलले आणि विद्वान स्त्रीचा वाचक असलेला शब्द बदनाम झाला.

बंदीने नाच थांबला का? १८५० मध्ये फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लॉबेर नाच पाहायला मुद्दाम एस्नापर्यंत गेला. हद्दपार झाली ती बाई. पाहणारा बोटीत बसून तिच्यामागे गेला आणि मायदेशी परतून लेखक म्हणून मान्य झाला.

पुढे हा नाच बदलत गेला. १९२६ मध्ये बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत आपले नाट्यगृह काढले. मोठा रंगमंच, मोठा वाद्यवृंद, हातांच्या लांब हालचाली, बॅलेची छाप हे सारे तेथे आले. तहिया कारिओका आणि सामिया गमाल तेथूनच घडल्या आणि इजिप्शियन चित्रपटांत गाजल्या. १९५९ मध्ये महमूद रेदा यांच्या संचाने लोकनृत्यांना प्रतिष्ठित रंगमंच दिला. तुर्कस्तानात तो अधिक चपळ झाला, तर अमेरिकेत 'ट्रायबल' नावाची शैली निघाली आणि तिने भारतीय दागिने व हालचालीही घेतल्या. म्हणजे 'अस्सल' नाच शोधू जावे तर हाती मिसळणच लागते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. लावणीवर हक्क सांगताना आपण सगनभाऊंचे नाव अभिमानाने घेतो. ते मुसलमान होते, शिकलगार होते. शाहिराचे नाव राहिले. त्यांच्या लावण्यांवर नाचलेल्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली? २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारमधील नाचावर बंदी आणली. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना मात्र सूट होती. हाच भेदभाव उच्च न्यायालयाला २००६ मध्ये खटकला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे झाले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांतील अनेक अटी रद्द केल्या. या सगळ्या काळात हजारो बायकांची रोजी गेली. नोटा उधळणाऱ्याला घर सोडावे लागले नाही.

कुणी म्हणेल, मग तुम्हाला नाच मान्य आहे काय? परक्या पुरुषांच्या मेळाव्यात स्त्रीने नाचावे असे आम्ही म्हणत नाही. रोजीसाठी शरीर दाखवावे लागणे हे दुःखच आहे. पण दुःख आणि गुन्हा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अन्-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम प्रथम पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. स्त्रियांना उद्देशून तो त्यानंतरच्या आयतीत येतो. आपण वाझमध्ये हा क्रम किती वेळा ऐकतो? आपली नसीहत बहुधा एकतिसाव्या आयतीपासूनच सुरू होते.

घोडबंदर रोडवरच्या वर्गात बायका बायकांसमोर नाचत असतील तर त्या नकळत अवालिमांच्या बैठकीजवळच पोहोचल्या आहेत. आपल्या लग्नघरांत मेंदीच्या रात्री दार लावून ढोलक वाजते, तेही यापासून फार दूर नाही. तीच हालचाल फी भरून केली तर व्यायाम आणि पोटासाठी केली तर बेअब्रू, हा न्याय श्रीमंतीचा आहे, नीतीचा नव्हे.

मराठीने नाचणाऱ्यांसाठी 'तमाशगीर' हा शब्द घडवला आणि त्यात हेटाळणी भरली. उर्दूत आणखी एक शब्द आहे, 'तमाशबीन'. तमाशा पाहणारा, आणि जुन्या बोलीत त्याचा अर्थ ऐयाश, बदचलन असाही होतो. येथे दोष पाहणाऱ्याच्या पदरात पडतो. दोन्ही भाषा घरात असलेल्या आपल्या समाजाने मुलींना पहिला शब्द बजावून सांगितला. मुलांना दुसरा शिकवणे अजून बाकी आहे.