हार्वेस्टर का थांबला?



आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक 17. ज्याचं खाणं, फिरणं, झोप, जागरण आणि कामही बेताचं, त्याचा योग दुःख दूर करतो, असं भगवंत सांगतात. खाण्या-झोपेचं पटतं. पण कामही बेताचं? चांगलं काम जितकं जास्त तितकं बरं ना?

मागच्या मार्चमध्ये मी निफाडला मामांकडे होतो. शेतात 'त्र्यंबक' गहू उभा. (निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे हे वाण: 'त्र्यंबक', 'तपोवन'. नावं ऐकूनच हात जोडावेत!) आभाळ भरून आलेलं. हार्वेस्टर शेजारच्या रानात, मग नंबर मामांचा, मग एका आजींचा.

भर दुपारी ड्रायव्हरने मशीन बंद केलं. रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसलेला, एअर फिल्टर धुळीने गच्च. मामा हातापाया पडले, पण तो ऐकेना. इंजिन तापलंय, सायलेन्सरजवळचा सुका भुसा पेटला तर मशीनसकट उभा गहू जाईल, म्हणाला. त्याने हवा मारली, बेल्ट पाहिले, ग्रीस भरलं. पाऊण तास गेला.

संध्याकाळी अवकाळी आला. मामांचा गहू निघाला होता, आजींचा भिजला. दाण्याची चमक गेली, भाव पडला.

मला राहवेना. थांबणं बरोबर होतं, तर भुर्दंड आजींना का? ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, सकाळी काड ओलसर असतं, कापणी होत नाही, ही कामं तेव्हाच करायची असतात. पण आदल्या रात्री लोकांनी दव पडेस्तोवर कापायला लावलं, आणि सकाळी त्याला जागच आली नाही.

त्या 'लोकांत' आमचेच भाऊबंद होते. मीही टॉर्च धरून उभा होतो.

तेव्हा श्लोक कळला. बेताबाहेरचं काम मी करतो, पण त्याची किंमत रांगेत शेवटी उभा असलेला मोजतो. रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर बसतो, वर अभिमानाने 'कर्मयोग' म्हणतो. सकाळी जप चुकतो आणि चिडचिड आईवर निघते.

आजचा संकल्प: रात्री काम वेळेत बंद. आणि झोपण्याआधी एक प्रश्न: माझ्या रांगेत शेवटी कोण उभं आहे?

🙏 जय हरी!