गहू दळून आणायला

माणूस कशासाठी जन्माला आला, हा प्रश्न मला साधारणपणे महिनाअखेरीस पडतो. सौभाग्यवतीला विचारलं तर ती म्हणते, "गहू दळून आणायला!" गावातल्या बुवांना विचारलं तर म्हणतात, "सारी त्याची लीला!" लीला म्हटली की आपल्याकडे काही काम उरत नाही. साहजिकच मला बुवांचं उत्तर पटायचं.

हे सुख एका सहकाऱ्याने घालवलं. बँकेच्या ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलो होतो. खोलीत सोबतीला अलिबागकडचे एक बेने इस्रायली गृहस्थ होते. धर्माने यहुदी, मराठी मात्र माझ्या बुलढाणी मराठीपेक्षा चोख. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, शब्बाथ म्हणून, घाणा बंद ठेवत. लोक त्यांना 'शनिवार तेली'च म्हणत. (आम्हा बँकवाल्यांना दुसरा-चौथा शनिवार मिळायला 2015 साल उजाडावं लागलं. पुढारलेलं कोण, ते तुम्हीच ठरवा.)

मी विचारलं, "तुमच्यात देवाने माणूस कशाला केला म्हणतात?"

"करायलाच नको होता, असं ठरलंय," ते शांतपणे म्हणाले.

मी उठून बसलो. त्यांनी तालमुदातली हकीकत सांगितली. हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरा याच प्रश्नावर अडीच वर्षं भांडल्या. शेवटी मतदान झालं. निकाल असा, की माणूस निर्माण झाला नसता तर बरं झालं असतं; पण आता झालाच आहे, तर त्याने आपली कर्मं तपासावीत.

म्हणजे ऑडिट! शाखा उघडायला नको होती, पण उघडलीच आहे, तर वह्या नीट ठेवा.

"आणि काम काय माणसाला?"

"आमचे जुने पंडित म्हणत, सहा दिवसांत देवाने जे केलं त्या सगळ्यावर अजून हात फिरवावा लागतो. मोहरीचा कडवटपणा काढावा लागतो, गहू दळावा लागतो. माणसालाही दुरुस्ती लागते."

गहू! मी चपापलो. घरात एवढा मोठा पंडित आणि मला पत्ता नाही.

परत येऊन महिना झाला असेल. कॅश काउंटर बंद होऊन पाच मिनिटं झाली होती. एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. म्हणाल्या, "बाबू, आता माही शेवटची एस्टी बी जाते." मी म्हणालो, "आजी, उद्या या." नियमाने मी बरोबर होतो. संध्याकाळी पान खायला गेलो, तर आजी एसटी स्टँडच्या बाकावर गाठोडं उशाला घेऊन पडलेल्या. मी वाट बदलली.

रात्री झोप येईना. अडीच वर्षं भांडून दिलेला निकाल कोणासाठी होता, ते कळलं. कॅश टॅली झाली होती. मी झालो नव्हतो.

सकाळी काउंटरवर त्याच पहिल्या होत्या. नोटा दोनदा मोजून दिल्या आणि विचारलं, "आजी, रात्री काही खाल्लं का?"

"खाल्लं बाप्पा," त्या म्हणाल्या. खोटं होतं ते. माझ्या खात्यावर तेवढी सूट त्यांनी दिली.

घरी आलो. दारात गव्हाची पिशवी होती. हिने तोंड उघडण्याआधीच मी ती उचलली.

"आज काय झालं हो तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हणालो, "दुरुस्ती चालू आहे."