विमानाखालची पाटी

राइट बंधूंचे पहिले विमान 1928 ते 1948 अशी वीस वर्षे इंग्लंडमध्ये होते. अमेरिकेच्या अभिमानाचा एवढा मोठा ठेवा साहेबाच्या राजधानीत जाऊन राहिला, तो एका पाटीपायी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांचे ‘एरोड्रोम’ नावाचे यंत्र 1903 मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले, आणि दुसऱ्या बुडीनंतर नऊच दिवसांनी राइट बंधू किटी हॉकच्या वाळूवरून उडाले. पुढे 1914 मध्ये ग्लेन कर्टिस यांनी लँग्लींचे यंत्र बरेच फेरफार करून थोडेसे उडवून दाखवले. कर्टिस यांचा राइट बंधूंशी तेव्हा पेटंटवरून कोर्टात झगडा चालू होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. संस्थेने ते फेरफार काढून टाकले, यंत्र मूळ रूपात आणले आणि माणसाला घेऊन उडू शकणारे पहिले विमान हेच, अशा अर्थाची पाटी लावून मांडले. ऑर्व्हिल राइट यांनी बरीच वर्षे वाद घातला आणि अखेर आपले विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकले.

संस्थेने 1942 मध्ये चूक छापून कबूल केली. विमान परतले ते ऑर्व्हिल यांच्या मृत्यूनंतर, डिसेंबर 1948 मध्ये. तेही एका करारासह: दुसरे कोणतेही यंत्र याच्याआधी माणसासह उडाले असे संस्थेने कधी म्हटले, तर विमानावरचा तिचा हक्क जाईल. अशी अट घालून घेणे संग्रहालयाला शोभते का, हा प्रश्न उरतोच. उद्या नवा पुरावा सापडला तर अभ्यासकाने करार बघायचा की पुरावा? पण पाटीवरच्या चार ओळींना किती वजन असते, ते या भांडणाने पुरते दाखवले.

विमान संग्रहालयात जाणारा माणूस धातू बघायला जातो. पंखाखाली उभे राहायचे, कॉकपिटमध्ये डोकावायचे, फोटो काढायचा. त्यात गैर काही नाही. पोराबाळांना तर तेवढेच पुरते. मात्र विमान स्वतः बोलत नाही. ते कोणी बनवले, कोणावर बॉम्ब टाकले, किती वेळा हात बदलले आणि आत्ता अंगावर असलेला रंग खरा कोणाचा, हे कोणीतरी सांगावे लागते. संग्रहालय आणि विमानांचे गोदाम यांच्यातला फरक तेवढाच आहे.

याच स्मिथसोनियनला अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या एका पाटीने पोळले. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘इनोला गे’ हे बी-29 विमान 1995 मध्ये, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, मांडायचे होते. संचालक मार्टिन हार्विट यांच्या चमूने बॉम्ब का टाकला आणि जमिनीवर काय झाले, या दोन्ही गोष्टी सांगणारा मजकूर तयार केला. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, सिनेटने ठराव केला, मजकूर पुन्हा पुन्हा कापला गेला. शेवटी प्रदर्शन रद्द झाले आणि हार्विट यांनी राजीनामा दिला. विमानाचा पुढचा भाग जुजबी माहितीसह मांडला गेला. 2003 पासून आख्खे विमान वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी केंद्रात उभे आहे, चकचकीत, अॅल्युमिनियमचा पत्रा आरशासारखा घासलेला. पाटीवर त्याच्या बांधणीचे कौतुक आणि मोहिमेची नोंद होती; किती माणसे मेली ते नव्हते. 1945 च्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे 1,40,000 माणसे गेली असे मानले जाते. केंद्र उघडले तेव्हा जपानमधून आलेल्या, त्या स्फोटातून वाचलेल्या माणसांनी तिथे जाऊन याच आकड्याची मागणी केली होती.

घासूनपुसून ठेवलेल्या विमानाची अडचण इथे दिसते. जीर्णोद्धार जितका कुशल, तितके विमान कारखान्यातून कालच बाहेर पडल्यासारखे दिसते, आणि मधल्या काळात त्याच्या हातून किंवा त्याच्यावर जे झाले ते पुसले जाते.

लंडनच्या हेंडन इथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने एका बाबतीत हे जाणूनबुजून टाळले. तिथे हॅलिफॅक्स जातीचे एक बॉम्बफेकी विमान आहे. एप्रिल 1942 मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये लपलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना त्याला गोळे लागले, आणि वैमानिकाने ते गोठलेल्या हॉक्लिंगेन तळ्यावर पोटावर उतरवले. घोट्याला इजा झालेला एक जण पकडला गेला. बाकीचे बर्फातून चालत स्वीडनला पोचले. नंतर बर्फ वितळला आणि विमान तळाशी गेले. 1973 मध्ये पाणबुड्यांनी ते वर काढले. संग्रहालयाने ते बऱ्याच अंशी जसे निघाले तसे ठेवले आहे: पत्र्याला भोके, बरगड्या उघड्या पडलेल्या, धातूवर पाण्याने चढवलेला करडा-तपकिरी थर. शेजारच्या नव्या रंगाच्या विमानांसमोर लोक फोटो काढतात. इथे थबकतात आणि वाकून बघतात. अशी सहा हजारांहून अधिक हॅलिफॅक्स बांधली गेली, त्यांतली जवळजवळ सगळी नष्ट झाली. एखादे नव्यासारखे करून ठेवण्यापेक्षा हे मोडके अधिक बोलते. हा निर्णय घ्यायला धाडस लागते, कारण देणगीदाराला भंगार दाखवून पैसे मागणे सोपे नसते.

आता भारताकडे वळू, कारण या विषयातली सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट कानपूरची आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाईदलाकडे भारतात अमेरिकी बनावटीची बी-24 लिबरेटर विमाने मोठ्या संख्येने होती. ती ‘लेंड-लीज’ कराराखाली आलेली. युद्धानंतर परत करायची किंवा निकामी करायची. ब्रिटिशांनी ती कानपूरच्या चकेरी तळावर जमा केली आणि पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून सोडून दिली. स्वतंत्र भारताकडे अवजड बॉम्बफेकी विमाने नव्हती आणि विकत घ्यायला परकीय चलनही नव्हते. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यातून बरी दिसणारी विमाने निवडली, एकाचे भाग दुसऱ्याला लावले आणि जेमतेम उडण्याजोगी करून बंगळूरला नेली. तिथे त्यांची पुरती डागडुजी झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये हवाईदलाची 5 क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांवर उभारली गेली. पुढे 6 क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगावहून हीच विमाने घेऊन समुद्रावर गस्त घालू लागली. 1968 मध्ये ती निवृत्त झाली. अमेरिकेने आपली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती, आणि पुणेकरांच्या डोक्यावरून ती अजून घरघरत होती.

निवृत्तीनंतर जगाला जाग आली. अठरा हजारांहून अधिक बांधलेल्या या जातीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमाने उरली होती, आणि त्यांतली चांगल्या अवस्थेतली बरीचशी भारतात होती. एक कॅनडाला गेले, एक 1969 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयाला, एक 1974 मध्ये इंग्लंडला, जे पुढे हेंडनला आले. एक इंग्लंडमार्गे अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचले आणि दुरुस्त होऊन 1989 पासून पुन्हा उडू लागले. एक दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयात राहिले.

ही विमाने आज कोणत्या रंगात आहेत? हेंडनचे ब्रिटिश हवाईदलाच्या. पिमाचे अमेरिकी. कॉलिंग्जच्या विमानाने तर एकापाठोपाठ एक अमेरिकी रूपे घेतली. ‘विचक्राफ्ट’ हे त्यातले प्रसिद्ध नाव, युरोपवर लढलेल्या एका वेगळ्याच लिबरेटरचे. नोंदी लपवलेल्या नाहीत, कागदपत्रे शोधणाऱ्याला भारताचा उल्लेख सापडतो. तरी हिशेब मांडला तर मौज वाटते: युद्धातली सेवा फार तर वर्षभराची, भारतीय हवाईदलातली जवळपास वीस वर्षांची, आणि विमान आज जगाच्या पाठीवर आहे तेच मुळी या वीस वर्षांमुळे. रंग मात्र त्या वर्षभराचा. यात दुष्टावा नाही. ज्याचे संग्रहालय, त्याची आठवण. मग आपल्या संग्रहालयात आपली आठवण किती नीट मांडलेली असते, हा प्रश्न ओघाने येतो.

पालमला जे आहे ते कोणत्याही देशाने हेवा करावा असे आहे. 1933 मध्ये भारतीय हवाईदलाची पहिली स्क्वाड्रन ज्या वापिटी विमानांवर उभी राहिली, त्या जातीचे जगात उरलेले एकमेव विमान तिथे आहे. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, नॅट, मारुत आहेत. जपानी आत्मघाती ‘ओहका’सुद्धा आहे. पण आपल्याकडच्या पाट्यांवर बहुधा लांबी, पंखांचा पल्ला, इंजिन आणि कमाल वेग एवढेच असते. हे आकडे कोणत्याही पुस्तकात मिळतात. समोरचे हे विमान कोणत्या तळावर होते, कोणत्या मोहिमेत गेले, कोणी दुरुस्त केले, ते दुसरीकडे मिळत नाही, आणि नेमके तेच तिथेही नसते.

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, 1998 मध्ये सुरू झालेले. तिथल्या मोकळ्या आवारात तीन शेपट्यांचे, पाठीला डौलदार बाक असलेले सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. मूळचे ते एअर इंडियाचे प्रवासी विमान, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळचे नाव मिरवत ते देशोदेशीचे उतारू वाहत असे. जेटचा जमाना आला तसे ते हवाईदलाकडे गेले, आणि 1976 मध्ये सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे आले तेव्हा नौदलाचे झाले. एकाच धडात तीन आयुष्ये. बाहेर कोकणचा पाऊस आणि खारा वारा. अॅल्युमिनियमला याहून वाईट शेजार नाही. पुण्या-मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी किती जण समुद्रकिनाऱ्यावरून उठून तिकडे वळतात, हे सांगायला नको.

रंगाची गंमत आपणही करतो. हवाईदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात 2018 मध्ये ‘परशुराम’ नावाचे डकोटा आले. इंग्लंडमध्ये दुरुस्त झालेले हे विमान तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिले. त्यांचे वडील हवाईदलात डकोटा चालवत. शेपटीवर क्रमांक आहे व्हीपी 905, म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. तो मान त्या विमानाचा. हे धड वेगळे. आदरांजली म्हणून हे योग्यच आहे, फक्त बघणाऱ्याला ते सांगितले पाहिजे. नाहीतर वीस वर्षांनी कोणी छातीठोकपणे म्हणेल की श्रीनगरला उतरले ते हेच.

वस्तू हरवली की काय होते याचे उदाहरण मुंबईतच आहे. 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही कथा अजून सांगितली जाते, तिच्यावर सिनेमाही निघाला. त्या यंत्राचा एक खिळाही कोणाला दाखवता आलेला नाही. मोजायला, तपासायला काही नसल्यामुळे कथा वाटेल तितकी उंच जाऊ शकते. जपलेले विमान माणसांच्या बढाईला लगाम घालते, हा त्याचा कमी बोलला जाणारा उपयोग.

आणि ज्या वस्तू खरोखर हातात होत्या त्यांचे आपण काय केले? ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी डिसेंबर 1971 मध्ये चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले. 1997 मध्ये निवृत्त झालेली ही नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. 2012 मध्ये ते बंद पडले आणि 2014 मध्ये ती दारूखान्यात तोडायला गेली. तिच्या पोलादाचा अंश असलेल्या मोटरसायकली पुढे बाजारात आल्या. ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करून ठेवण्याच्या 852 कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजुरी दिली. 2020 मध्ये तीही तोडायला अलंगला पोचली. एवढे मोठे जहाज सांभाळणे फार महाग आहे, हे खरेच. विमान त्या मानाने स्वस्त. त्याला छप्पर, कोरडी हवा आणि एक जाणकार माणूस लागतो. आपण त्याला चौकातला खांब देतो, दर काही वर्षांनी रंगाचा नवा हात मारतो आणि आत पाणी मुरू देतो.

हे सगळे आत्ता बोलायचे कारण मिग-21. 1963 पासून हवाईदलात असलेले हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झाले. देशातली संग्रहालये, महाविद्यालये आणि चौक यांत ही विमाने आधीच आहेत, आता आणखी येतील. त्यांच्या पाटीवर 1971 ची कामगिरी असेलच, असायलाही हवी. 2012 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेले आकडेही असतील का? 872 मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, 482 अपघातांत 171 वैमानिक आणि 39 नागरिक मेले. आकडे सर्व प्रकारच्या मिगचे आहेत, त्यामुळे ते तपशीलवार लिहावे लागतील. काही अपघात यंत्राचे, काही प्रशिक्षणाच्या उणिवांचे, काही पक्ष्यांचे; प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची खरेदी वर्षानुवर्षे रखडली तेव्हा नवी मुले थेट याच विमानावर चढत होती. दोन ओळींत हे मावत नाही. मग चार ओळींची पाटी करावी.

शिवाय यातली शेकडो विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जोडली गेली. तिथून निवृत्त झालेले फिटर, रिव्हेटर, तपासनीस नाशिकच्या सिडकोत, ओझरमध्ये, पिंपळगावात आजही राहतात. कोणता पॅनल बसवताना हाताला नेहमी लागायचे, कोणता भाग रशियाहून उशिरा यायचा, पहिले विमान धावपट्टीवर नेले तेव्हा कोण कोण उभे होते, हे त्यांना तोंडपाठ आहे. एक ध्वनिमुद्रक आणि दोन-तीन महिन्यांची उठबस एवढ्यात ते नोंदवून होईल. त्यांतले सुरुवातीचे लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत.