भिंतीकडची बाजू

घोडबंदर रोडवर, वाघबीळच्या पुढे एका उंच इमारतीत एक निवृत्त कारकून काका राहत होते. गॅलरीतून त्यांना मेट्रोचे खांब दिसत, ट्रकची न हलणारी रांग दिसे आणि तिच्यापलीकडे खाडीच्या पाण्याचा एक पट्टा. हाताशी वेळ भरपूर होता. नातवाने एकदा कागदी जहाजांचे नमुने दाखवले, आणि काकांना नाद लागला.

आधी त्यांनी विक्रांत ही युद्धनौका करायला घेतली. खरी नौका २६२ मीटर लांब. चारशेपट लहान केली तरी दोन फुटांच्या वर जाते. भागांनी भरलेले कागद पाहूनच काकांची छाती दडपली आणि ते कागद कपाटात गेले. नवशिक्याने इतकं ओळखलं, हेही काही कमी नाही.

मग त्यांनी गलबत निवडलं. दोन डोलकाठ्यांचं, वल्ह्यांचं, बेताचं. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर या खाडीच्या मुलखात मराठ्यांचं आरमार उभं राहू लागलं, हे त्यांनी शाळेत वाचलं होतं. गॅलरीतून दिसणाऱ्या त्या पाण्यातून अशी गलबतं गेली असतील, या विचारानेच त्यांना हुरूप आला.

कामाची रीत साधी होती. जाड कार्डशीटचा उभा कणा कापायचा, त्याला खाचा पाडायच्या, खाचांत आडव्या फासळ्या बसवायच्या. मग त्या सांगाड्यावर कागदाच्या पट्ट्या फळ्यांसारख्या चिकटवत न्यायच्या. घडी घालण्याआधी त्या रेघेवर शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं, म्हणजे घडी सरळ बसते. फेव्हिकॉल काडीच्या टोकाने, अगदी पुसट लावायचा; जास्त झाला की कागद फुगतो. काका हे सगळं भराभर शिकले. आयुष्यभर खातेवह्या लिहिलेला हात होता, थरथरत नव्हता.

गलबत दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये ठेवायचं होतं. काकांनी हिशेब केला. एक बाजू लोकांना दिसणार, दुसरी भिंतीकडे राहणार. दिसणारी आधी पुरी करू, मागची सवडीने बघू. पट्टीला पट्टी भिडवत त्यांनी ती बाजू वरपर्यंत नेली. कापलेल्या पांढऱ्या कडासुद्धा तपकिरी पेन्सिलने रंगवल्या. घरच्यांनी तोंडभर कौतुक केलं.

सकाळी उठून बघतात तो गलबत वाकलेलं. वाळताना फेव्हिकॉल आक्रसला होता आणि सगळ्या पट्ट्यांनी मिळून कणा आपल्याकडे ओढून घेतला होता. काकांनी ते जाड पुस्तकांखाली दाबलं, उलट्या बाजूने खेचलं. दोन फासळ्या सुटल्या.

नमुन्याच्या नव्या प्रती काढायला ते झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाले. माप दाखवायला गलबत पिशवीत होतं. गेटपाशी खाडीकाठच्या गावातली म्हातारी कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिने पिशवीतून डोकावणारी नाळ पाहिली आणि हात पुढे केला.

"भाऊ, एकाच अंगाला फळ्या मारल्यास?"

"दुसरी बाजू भिंतीकडे राहणार, मावशी."

म्हातारी हसली नाही. "माझा सासरा होड्या बांधायचा. इकडं एक फळी, की तिकडं एक फळी. दोन्ही अंगं बरोबरीनं वर चढवायची. एकाच अंगाला सगळं दिलंस, तर ते दुसऱ्याला ओढणारच." गलबत पिशवीत ठेवून तिने विचारलं, "बोंबील देऊ?"

काकांनी बोंबील घेतले. सुटे नव्हते, पैसे राहिले.

त्यांनी नव्याने सुरुवात केली. डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक. एक वाळली की मग पुढची. बरेच दिवस कुणाला दाखवावं असं काही नव्हतं, कारण दोन्ही बाजू अर्ध्याच होत्या. घरात कुणी विचारेनासं झालं. काका भिंतीकडच्या बाजूच्याही कडा रंगवत राहिले. शेवटची पट्टी बसली तेव्हा कणा सुतात होता.

चारचौघांना दिसते ती बाजू आधी उजळावी, असं कुणालाही वाटतं. पण घरादाराचं असो की माणसाचं, कुणी न पाहणाऱ्या बाजूला जे दिलेलं असतं, त्याच्याच जोरावर दिसणारी बाजू सरळ उभी राहते.

एका दुपारी काकांनी म्हातारीला मुद्दाम घरी बोलावलं. लिफ्टमध्ये ती काकूंचा हात घट्ट धरून उभी होती. शोकेसपुढे आल्यावर तिने गलबत बाहेर काढलं, फिरवलं आणि आधी भिंतीकडची बाजू पाहिली. फळ्यांवरून अंगठा फिरवला.

"जमलंय," ती म्हणाली. "शीड जरा मोठं झालंय."

काकूंनी केलेला चहा ती प्यायली आणि जाताना बोंबलांचे राहिलेले पैसे मागून घेतले.