मीठ मागे राहतं

सेकंड शिफ्ट करून घरी आलात. बूट दाराशी, डबा ओट्यावर. घरातली माणसं झोपलीत. मोठा दिवा लावू नका. हॉलच्या कोपऱ्यात काचेची टाकी आहे, तिच्यासमोर स्टूल ओढा आणि बसा.

आत अजून मासा नाही. पाणी आहे, बोटभर वाळू आहे, चार दगड आहेत आणि एका बाजूला पंपाची घरघर. आज एवढंच बघायचं. खांदे सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

टाकी लहानच आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. दगड-वाळूची जागा वजा केली तर पाणी साधारण ८० लिटर. हे पाणी आलं कुठून?

डोळे मिटा आणि पाण्याच्या मागे उलटं चालत जा, सावकाश. बादलीतून आरओच्या बारीक नळीत. तिथून गच्चीवरच्या टाकीत. मग रस्त्याखालच्या पाइपातून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून रावेतच्या बंधाऱ्यावर, आणि पवनेच्या पात्रातून वर वर, धरणापर्यंत. धरणामागे सह्याद्रीचा कडा. कड्यावर जूनचा ढग. आणि ढगाच्या मागे अरबी समुद्र.

थोडं थांबा इथं.

समुद्रावरून वाफ उठली तेव्हा मीठ खालीच राहिलं. म्हणून ढग गोडा, पाऊस गोडा, पवना गोडी. ही नदी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते. मुळा, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला मिळते. त्या लांबच्या वाटेवरून आपण ८० लिटर आकुर्डीत उतरवून घेतलं आणि त्याचं मीठ त्याला परत दिलं. लिटरमागे ३५ ग्रॅम. म्हणजे पावणेतीन किलोच्या वर.

स्वयंपाकघरातलं मीठ इथं चालत नाही. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, आणखीही बरंच काही. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं मीठ आणायचं. ते वेगळ्या टबात घालायचं, पंप सोडून रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं. दोन्ही मिळतात ती रेघ ३५ वर आली की पाणी समुद्र झालं. आणि त्या नळीतून बघताना आपण नकळत श्वास रोखलेला असतो. आताही रोखला असेल, तर सोडा.

डोळे उघडा. दगडांकडे बघा. हे कोरडे, कारखान्यात घडवलेले दगड आहेत. जिवंत प्रवाळ नाही, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणलेलंही काही नाही. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ असतो त्याच यादीत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तिथलं प्रवाळ तिथेच वाढू द्या. मनानं जाऊन या, रिकाम्या हातानं परत या. आपल्या दगडांवर पुढे येतील ते क्लाउनफिश, तेही टाकीतच जन्मलेले. अशी पैदास आता ऐरोलीलाही होते.

पण ते पुढे. आत्ता दगड रिकामे दिसतात. रिकामे नाहीत ते. चार दिवसांपूर्वी तुम्ही पाण्यात कोळंबीचा एक तुकडा टाकला होता. तो कुजला, अमोनिया झाला. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतील, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच दगडांवर तपकिरी साय धरेल आणि सगळं बिघडलं असं वाटेल. बिघडलेलं नसतं. या दिवसांत हात घालायचा नाही. अमोनियाच्या चाचणीत हिरवं होणारं पाणी एक दिवस पिवळंच राहील आणि नायट्राइटही दिसेनासं होईल, तोवर बसायचं.

आता काचेच्या वरच्या कडेला बोट फिरवा. खरखरीत लागलं? मिठाचा पापुद्रा आहे तो. आणि पाण्याची पातळी बघा: तुम्ही काचेवर मार्करनं ओढलेल्या खुणेपेक्षा खाली गेली आहे. दिवसाला लिटरभर पाणी असं उडून जातं. चैत्र-वैशाखात पाणी २६ अंशांवर ठेवायला वर पंखा लावाल, तेव्हा याहून जास्त. माठाचंच आहे हे: पाझरतो म्हणून थंड राहतो, आणि जुन्या माठाच्या अंगावर पांढरे डाग धरतात.

पाणी जातं. मीठ मागे राहतं.

नवखा माणूस इथं हमखास चुकतो. खाऱ्या टाकीत भर घालायची म्हणून खारं पाणी ओततो. पातळी खुणेवर येते, टाकी भरलेली दिसते, आणि आतला खारेपणा रोज थोडा चढत जातो. ओतायचं असतं ते गोडं पाणी, मीठ न घातलेलं.

आता आजचा दिवस असाच समोर ठेवा. काय उडून गेलं? झोप, उमेद, दुपारचा एखादा हसण्याचा क्षण. काय राहिलं? लाइनवर कुणी बोललेला शब्द, नापास झालेला लॉट, उद्याची काळजी. ते निपटून काढू नका. मिठावाचून हा समुद्र नाही. फक्त बघा, भर म्हणून रोज तुम्ही काय ओतता.

उठा. ओट्याखाली आरओच्या पाण्याचा कॅन आहे. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं आणि आरओ एका लिटरमागे त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. ते बादलीत धरून ठेवलंय ना, उद्या लादी पुसायला? ठीक. आता तांब्याभर गोडं पाणी घ्या. पंपाच्या धारेत, बारीक सोडा. गोडं पाणी खाऱ्यात मिसळताना तेलासारख्या रेघा उमटतात, थरथरतात, विरतात. त्यातली शेवटची रेघ विरेपर्यंत बघत राहा.

पाणी खुणेपाशी आलं की थांबा.