भरतीने मिटणारी वाट



इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. भरती आली की तेथील वाट दिवसातून दोनदा बुडते. ओहोटीला ती पुन्हा उघडी पडते. १९५४ साली मोटारींसाठी रस्ता झाला, तरी भरतीची वेळ न पाहता निघालेले प्रवासी आजही अडकतात. त्यांच्या आश्रयासाठी वाटेत उंच खांबांवर एक खोपटे बांधलेले आहे. उतावळ्यांचीही कोणी चिंता वाहिली म्हणायची!

६३५ साली संत एडन यांनी येथे मठ स्थापिला. पुढे तेथील प्रमुख झालेल्या संत कथबर्ट यांना एकान्ताची ओढ लागली. मठासमोर खडकाचे एक चिमुकले बेट आहे. तेही भरतीच्या वेळी वेगळे होते. कथबर्ट प्रथम तेथे राहिले, असे मानतात. आज तेथे लाकडी क्रूस उभा आहे, आणि हिवाळ्यात आसपासच्या चिखलाच्या मैदानांत उत्तर ध्रुवाकडून आलेले कलहंस चरतात.

परंतु हे बेट हाकेच्या अंतरावर होते. म्हणून ६७६ साली ते समुद्रातील फार्न बेटावर गेले. केवळ आकाश दिसावे एवढी उंच भिंत त्यांनी कुटीभोवती रचली. तेथील आयडर बदकांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. लोक त्या पक्ष्यांना अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र बीड यांनी लिहिलेल्या चरित्रातील एक बारीक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: भेटीस येणाऱ्या बंधूंसाठी कथबर्टांनी धक्क्याजवळ एक अतिथिगृहही बांधले होते.

वाचकहो, आपल्या घरी यांपैकी काय आहे, भिंत की अतिथिगृह? प्रार्थनेला वेळ नाही, अशी तक्रार आपण करतो. आणि कधी प्रार्थनेचेच निमित्त करून दारी आलेल्या शेजाऱ्याला परत पाठवतो. हे दुसरे पाप आपण क्वचितच कबूल करतो. प्रभू येशू शिष्यांना विसाव्यासाठी एकान्ती घेऊन गेला, तेव्हा लोक आधीच तेथे पोहोचले होते. त्यांना पाहून त्याला कळवळा आला (मार्क ६:३०-३४).

कथबर्टांनी बिशप व्हावे म्हणून खुद्द राजा नावेने फार्नला आला आणि त्याने गुडघे टेकले. कथबर्ट रडत रडत निघाले. ६८५ साली त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. पुढे अखेरचे दिवस जवळ आल्यावर ते फार्नला परतले आणि २० मार्च ६८७ रोजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. तेव्हा एक मठवासी दोन्ही हातांत पेटत्या मेणबत्त्या घेऊन उंचवट्यावर चढला. पाण्यापलीकडे लिंडिसफार्नला एक बंधू त्याच खुणेची वाट पाहत रात्रभर जागा होता.