ज्यांना आणायला कुणी गेलं नाही

‘एलियन’ पाहिलेल्या बहुतेकांच्या लक्षात त्यातला लाळ गाळणारा प्राणी राहतो. अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी केलेल्या माणसाला मात्र त्यातलं यान ओळखीचं वाटतं. छताला चिकटून गेलेले पाइप, व्हॉल्व्हमधून फुसफुसणारी वाफ, पायाखाली लोखंडी जाळी, कुठंतरी टपटपणारं पाणी, फिरत्या दिव्यासह बोंबलणारा अलार्म. पहाटे तीन वाजता एकट्यानं रीडिंग घ्यायला जाणाऱ्या ऑपरेटरला हे सगळं पाठ असतं. १९७९ च्या या चित्रपटातलं ‘नोस्त्रोमो’ हे खरोखर कारखान्याचंच यान आहे. दोन कोटी टन खनिज आणि एक अवाढव्य रिफायनरी ओढत ते पृथ्वीकडे निघालंय. त्यावर सात माणसं. त्यांतले इंजिनखोलीतले पार्कर आणि ब्रेट लांबलचक झोपेतून जागे होतात आणि पहिल्याच जेवणाला विषय काढतात तो बोनसचा. वरच्यांना पूर्ण वाटा, आम्हाला कमी का? दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभं राहिलं तर हेच ऐकू येतं.

मी बदलापूरकर आहे, आणि झपाटलेल्या यानांचे चित्रपट मी इथं बसूनच पाहिले आहेत. म्हणून असेल, पण या चित्रपटांकडे मला राक्षसांच्या गोष्टी म्हणून बघता येत नाही. भूत कुणाचं, आणि ते भूत का झालं, या जुन्या प्रश्नाला प्रत्येक पिढीनं दिलेलं उत्तर मला त्यांत दिसतं.

आपल्याकडे भुताला कूळ असतं. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाचं काही तरी राहून गेलेलं. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही, मग घरातलं थोरलं माणूस पुढं होऊन मोठ्यानं सांगतं की धाकटीचं लग्न आम्ही करू, म्हातारीला सांभाळू, तू काळजी करू नको. उल्हास नदीच्या काठी हे अनेकदा पाहिलंय. कावळ्याच्या येण्या-न येण्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्या क्षणी जिवंत माणसं मेलेल्या माणसाला हिशेब देत असतात, हे मला फार मोठं वाटतं. ज्याला असा हिशेब कुणी दिला नाही, ज्याचं मागे कुणी काही केलं नाही, तो भटकतो. आपल्या सगळ्या भुताखेतांच्या मुळाशी हा एवढा विचार आहे.

जहाजावर हा विचार लागू करणं अवघड जातं, कारण तिथं पिंपळ नाही, वेस नाही, नदीकाठ नाही. १८७२ मध्ये ‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज अटलांटिकमध्ये शिडं उभारलेलं पण निर्मनुष्य सापडलं, आणि त्यावरची माणसं कुठं गेली ते कधीच कळलं नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्ये ब्रॅम स्टोकरनं ‘डेमीटर’ जहाजाची रोजनिशी घातली. एकेक खलाशी नाहीसा होतो, आणि शेवटी सुकाणूला स्वतःला बांधून घेतलेल्या कप्तानाचं प्रेत घेऊन जहाज किनाऱ्याला लागतं. पुढच्या सगळ्या झपाटलेल्या यानांचा आराखडा या काही पानांत तयार आहे: बंद जागा, मोजकी माणसं, आत शिरलेलं काहीतरी, आणि मागे उरलेली नोंदवही.

आपल्या किनाऱ्यालाही जहाजाची भीती ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ ला गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बातमी मुंबईला पोहोचायला कित्येक तास गेले. वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं होतं. कोकणातल्या जुन्या माणसांकडून ही हकिगत ऐकताना बुडण्यापेक्षा त्या तासांचाच उल्लेख जास्त येतो. आपण हाका मारतोय आणि किनाऱ्यावर कुणाला पत्ताच नाही. अंतराळातल्या भयपटानं पुढं उचलली ती नेमकी हीच भीती.

सुरुवात साधी होती. १९५८ च्या ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’मध्ये मंगळावरून परतणाऱ्या यानात एक प्राणी चोरून शिरतो. १९६५ मध्ये मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकानं ‘टेरोरे नेल्लो स्पाझिओ’मध्ये मेलेल्या अंतराळवीरांनाच थडग्यांतून उठवलं. दोन्ही ठिकाणी वाईट ते बाहेरचं. आत येतं, आणि मारता आलं तर जातं. यात विचार म्हणावा असं फारसं काही नव्हतं.

खरं वळण सोव्हिएत रशियातून आलं. स्तानिस्लाव लेमच्या १९६१ च्या कादंबरीवरून आंद्रेई तारकोव्हस्कीनं १९७२ मध्ये ‘सोलारिस’ केला. एका सागरानं व्यापलेल्या ग्रहावरच्या तळावर क्रिस केल्विन पोचतो आणि सकाळी त्याच्या खोलीत त्याची बायको, हारी, बसलेली असते. ती कित्येक वर्षांपूर्वी आत्महत्या करून गेलेली आहे. त्या सागरानं त्याच्या मनातून तिला उचलून पुन्हा घडवलंय. तो घाबरून तिला एका छोट्या यानात बसवून दूर पाठवतो, तर ती परत येते. इथं भूत बाहेरचं नाही. आपण जिचं काही केलं नाही तीच येऊन बसली आहे, आणि अवकाशात दहाव्याचा घाट नसल्यानं तिला काय सांगावं हे केल्विनला कळत नाही. मराठी माणसाला हा चित्रपट संथ वाटेल, पण परका वाटू नये.

मग ‘एलियन’. रिडली स्कॉटच्या या चित्रपटातला प्राणी भयंकर आहेच. पण कथेचं मूळ एका करारातल्या कलमात आहे. वाटेत अनोळखी संदेश आला तर तपासायचा, नाही तर सगळा वाटा जप्त. माणसं संकटाच्या ठिकाणी उतरतात ती पगार बुडेल या धाकानं. पुढं यानावरची अधिकारी रिप्ले हिला यानाच्या संगणकातून कळतं की कंपनीला तो प्राणी हवाच होता, आणि आदेशात लिहिलंय की त्यासाठी माणसं गेली तरी चालतील. त्यांच्यातला विज्ञान अधिकारी यंत्रमानव निघतो. त्याला याच कामासाठी पाठवलेलं असतं. ‘एलियन’नं या विचाराला दिलेली मोठी देणगी ही, असं माझं मत आहे. वाईट ते बाहेरून आलेलं नव्हतं, घरातल्या नात्यातलंही नव्हतं; ते पाठवणाऱ्याच्या कागदावर आधीच मंजूर झालेलं होतं. पाच वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळ झालं. जून २०२१ मध्ये बदलापुरातही एका रात्री कारखान्यातून वायू सुटला. श्वास अडू लागल्यावर दारं-खिडक्या लावून बसणं म्हणजे काय, ते त्या रात्री इथल्या लोकांना कळलं. अशी एखादी रात्र काढलेल्यांना ‘नोस्त्रोमो’वरची हवा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९९७ च्या ‘इव्हेंट होरायझन’नं पुढची पायरी गाठली: यानच झपाटलेलं. २०४० मध्ये बेपत्ता झालेलं यान सात वर्षांनी नेपच्यूनजवळ परत दिसतं. त्याच्या गाभ्यात कृत्रिम कृष्णविवर आहे, आणि त्यातून ते जिथं जाऊन आलं ती जागा नरक. यानाची रचना पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरून बेतली होती, आणि ते पडद्यावर जाणवतं. पण मला या चित्रपटात कमी विचार दिसतो. पाठवणाऱ्यांची जबाबदारी नरकावर ढकलली की सगळे सुटतात. डॅनी बॉइलच्या ‘सनशाइन’मध्ये (२००७) सूर्याकडे निघालेल्या दुसऱ्या मोहिमेला पहिल्या मोहिमेचं हरवलेलं यान सापडतं. ते अधिक बोचतं, कारण आधी पाठवलेल्यांचं काय झालं हे विचारायला तिथं निदान कुणीतरी जातं.

खऱ्या यानांतही भीतीचे प्रसंग घडलेत. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई एकटाच यानात असताना बाहेरून कुणी ठोकतंय असा आवाज त्याला येत राहिला. नंतरच्या मोहिमांतल्या अंतराळवीरांनीही तसाच आवाज ऐकला. दाब बदलल्यानं आतली भिंत किंचित वाकते, असं त्याचं कारण नंतर सांगण्यात आलं. कारण कळलं, तरी तो आवाज ऐकणाऱ्याच्या त्या क्षणाचं काही कमी होत नाही.

या सगळ्या काळात मराठीत काय चाललं होतं? आपला अवकाशप्रवास विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या भाषांतरानं सुरू झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. तो जगताप म्हणजे जयंत नारळीकर. तेच कृष्णविवर ‘इव्हेंट होरायझन’मध्ये नरकाचं दार होतं, नारळीकरांकडे ते काळाचं गणित होतं. भुतांना दारात उभं करायचं नाही हा आपल्या विज्ञानकथेचा संकल्प होता. अंधश्रद्धेशी झगडणाऱ्या समाजात तो योग्यच होता. दुसरीकडे नारायण धारपांनी वाडे, तळघरं आणि त्यांत दबा धरून बसलेलं अमानवी काही ताकदीनं उभं केलं. स्टीफन किंगच्या पिशाच्चकथेवरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली, आणि किंगची ती कथा थेट ‘ड्रॅक्युला’च्या वंशातली. रत्नाकर मतकरींनी भीती वाड्यातून काढून मध्यमवर्गीय घरांत आणली. एवढी तयारी असूनही विज्ञान आणि भूत एका यानात बसवून त्याची परंपरा मराठीत झाली नाही. दोन्ही दालनं शेजारी होती, मधला दरवाजा बंद राहिला.

भीती मात्र होती. ‘एलियन’ आला त्याच १९७९ च्या जुलैत अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक पडणार म्हणून देशभर लोक धास्तावले होते. शेवटचा अंतराळवीर १९७४ मध्ये उतरल्यापासून ते घर वर रिकामंच फिरत होतं, आणि अखेर ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोसळलं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते पट्टे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. पाठवणारे कुठले, पडलं कुणाच्या गावात!

ही भीती मराठी कथेत यानापर्यंत पोचली नाही, त्यामागे आपल्याकडे यंत्रात जीव असणं ही घाबरण्याची गोष्टच नाही, हेही एक कारण असावं. खंडेनवमीला आमच्या एमआयडीसीत लेथला, बॉयलरला, फोर्कलिफ्टला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. यंत्राला त्या दिवशी विश्रांती, कारण वर्षभर त्यानं पोट भरलं आणि कुणाचा हात घेतला असेल तर त्याचीही आठवण. इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, तीही याच मनाची खूण.

या मनातून झपाटलेलं यान कसं निघेल, याचं उत्तर नागपूरच्या आरती कडव यांनी दिलं. आयआयटी कानपूरला शिकलेल्या या दिग्दर्शिकेचा हिंदी ‘कार्गो’ २०१९ मध्ये मुंबईच्या मामी महोत्सवात दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ‘पुष्पक ६३४ ए’ हे यान. त्यावर प्रहस्थ नावाचा राक्षस (विक्रांत मेस्सी) वर्षानुवर्षं एकट्यानं नोकरी करतोय. पृथ्वीवर मेलेली माणसं हातातल्या सामानासकट तिथं येतात. त्यांचं सामान काढून ठेवायचं, शरीरावरची जखम भरायची, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला रवाना करायचं. मदतीला नवी मुलगी येते, युविष्का (श्वेता त्रिपाठी). जमिनीवरून जुनाट पडद्यावर बोलणारा वरिष्ठ आहे नंदू माधव.

म्हणजे यानभर भुतं आहेत, आणि भीती कुठंच नाही. कारण प्रत्येक भुताचं कुणीतरी करतंय! डेमीटरपासून इव्हेंट होरायझनपर्यंत जे यान मेलेल्यांमुळे शापित होतं, ते इथं दहाव्याचा घाट झालं. एकाकी आहे तो हे काम करणारा प्रहस्थ. त्याची विचारपूस कुणी करत नाही. झपाटलेला असलाच तर तो नोकरदारच आहे. पार्कर आणि ब्रेटच्या बोनसच्या भांडणापासून सुरू झालेला विचार इथं पुढं गेला असं मला वाटतं, आणि तो पुढं नेणारी दिग्दर्शिका आपल्या मातीतली आहे याचा मला अभिमान आहे. चित्रपट कमी पैशांत केल्याच्या खुणा जागोजागी दिसतात, मधला भाग रेंगाळतो. तरीही अनेक महागड्या चित्रपटांपेक्षा त्यात विचार जास्त आहे.

बदलापूरपाशी एकदा असंच बंद वाहन अडकलं होतं. २६ जुलै २०१९ ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात थांबली. आत सुमारे १०५० माणसं, त्यांत नऊ गरोदर बाया. बाहेर अंधार, चहूकडून पाणी, उतरायची सोय नाही. भयपटाला लागतं ते सगळं तिथं होतं. पण दुसऱ्या दिवशी जवळच्या गावांतले लोक, एनडीआरएफ, नौदल असे सगळे पोचले आणि एकूण एक माणूस सुखरूप बाहेर आला. त्या जागेबद्दल मी आजवर एकही भुताची गोष्ट ऐकलेली नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर भागातल्या, चित्रपट करू पाहणाऱ्या तरुणांना म्हणूनच माझी विनंती आहे. ही गोष्ट तुमची आहे, ती मराठीत करा. यान उभारायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बंद पडलेले शेड, गंजलेले पाइप आणि जाळीच्या पायवाटा इथं हव्या तितक्या आहेत. रात्रपाळीवरून घरी न परतलेल्या एखाद्या माणसापासून सुरुवात करा, आणि पटकथा लिहायच्या आधी त्याच्या घरच्यांचं काय राहिलंय ते त्यांना जाऊन विचारा.